आईच्या स्वयंपाकघरातला रेडमी नोट ४ : रोम, फर्मवेअर आणि घरी बांधलेला कर्नल

फोन रेडमी नोट ४, सांकेतिक नाव ‘मिडो’. स्नॅपड्रॅगन ६२५, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, २०१७ ची खरेदी. त्यावर नवी रोम (म्हणजे फोनची सगळी सिस्टिम) टाकली आणि कर्नल (सिस्टिमचा हार्डवेअर चालवणारा गाभा) घरी बांधला. कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी वाचावेत म्हणून लिहून ठेवते आहे. याच नावाचा एक मीडियाटेक चिपवाला फोनही आहे. त्याला यातलं काहीही चालणार नाही.

शनिवार, १४ जून २०२५

साताऱ्याला आईकडे हा फोन ओट्याशेजारच्या फळीवर कायम चार्जरला लावलेला असतो. काम एकच, इंटरनेट रेडिओ. गेल्या वर्षापासून तिची तीन केंद्रं लागेनाशी झाली. ती म्हणायची, केंद्र बंद पडलं असेल. केंद्रं माझ्या फोनवर व्यवस्थित लागत होती.

कारण शोधायला तासभर गेला. फोन अँड्रॉइड ७.० वर आहे. बऱ्याच साइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याची डिजिटल खूण) वापरतात आणि त्यांचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडमध्ये ७.१.१ पासून आलं. जुन्या फोनांसाठी दुसऱ्या संस्थेच्या सहीवर काम भागवलं होतं, त्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणजे हा फोन जेमतेम एका पायरीने हुकला.

दुसरं दुखणं बॅटरीचं. चोवीस तास १०० टक्क्यांवर राहून ती फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. नवी बॅटरी मजुरीसकट ७५० रुपये. दुरुस्तीवाला झाकण लावता लावता म्हणाला, “ताई, याचा डिस्प्ले पण आधी कोणीतरी बदललाय बरं का, कंपनीचा नाही.” मी “बरं” म्हणून पैसे दिले. तेव्हाच थांबून आणखी दोन प्रश्न विचारले असते तर ही नोंदवही निम्मी झाली असती.

बेत असा: लिनेजओएसवर (हौशी लोकांनी बांधलेलं अँड्रॉइड) आधारलेली अँड्रॉइड ११ ची रोम टाकायची (कर्नल ४.९) आणि त्याच कर्नलमध्ये बदल करून चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवायचं. रूट करून (म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून) एखाद्या अॅपनेही हे जमतं. पण आईच्या फोनवर रूट नको, आणि अॅप मागच्या मागे बंद पडलं तर तिला कळणारही नाही.

संध्याकाळी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम, त्याचं कुलूप काढल्याशिवाय दुसरी रोम टाकता येत नाही) अनलॉकचा अर्ज. सेटिंग्जमध्ये एमआययूआय (शाओमीची मूळ सिस्टिम) व्हर्जनवर सात वेळा टिचकी, मग डेव्हलपर ऑप्शन्स, मग मी अनलॉक स्टेटस. दोनदा नकार आला. फोनमध्ये सिमच नव्हतं आणि मी वाय-फायवर प्रयत्न करत होते. शाओमीचं खातं फोनला जोडताना सिमचा डेटा लागतो. आईचं सिम घातलं, वाय-फाय बंद केलं, झालं. लॅपटॉपवरच्या टूलने सांगितलं, १६८ तास थांबा.

रविवार, १५ जून

वाट बघायचीच आहे तर कर्नल बांधून बघू. लॅपटॉप आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. सोर्स (कर्नलचा मूळ कोड) त्याच रोमच्या बांधणाऱ्याचा घेतला. वेगळाच सोर्स घेऊन वर नाव मिडोचं आहे म्हणून चालेल असं समजू नका.

पहिल्या दोन मिनिटांत आपटला. डीटीसीच्या फोल्डरमध्ये ‘वायवायएललॉक’ची एकाहून जास्त व्याख्या आहेत अशी तक्रार. जीसीसी (कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) १० पासून असल्या दुहेरी व्याख्या मुकाट्याने जोडल्या जात नाहीत आणि जुन्या कर्नलमध्ये त्या आहेतच. मी आधी क्रॉस कंपायलर (लॅपटॉपवर बसून फोनसाठी बांधणारा) बदलला, मग त्याचीही आवृत्ती बदलली. दोन तास गेले. तक्रार फोनसाठीच्या कंपायलरची नव्हतीच, लॅपटॉपच्या स्वतःच्या जीसीसीची होती. डीटीसी हे बांधकामाच्या वेळी लॅपटॉपवरच चालणारं हत्यार आहे. लेक्सरच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या आधी ‘एक्स्टर्न’ लिहिलं की संपलं.

मग पायथन. क्वालकॉमच्या कर्नलमध्ये जीसीसीला गुंडाळणारी एक स्क्रिप्ट असते, ती पायथन २ मागते आणि माझ्याकडे ३. पायथन २ टाकून पुढे गेले. ही स्क्रिप्ट साध्या वॉर्निंगलाही चूक ठरवून काम थांबवते, हे पुढे तीन ठिकाणी भोगलं.

पहिली पूर्ण बांधणी ३८ मिनिटांत. सीकॅश (आधी बांधलेले तुकडे साठवून ठेवणारं हत्यार) लावल्यावर पुढच्या साधारण ६ मिनिटांत. तो आधीच का लावला नाही याला उत्तर नाही.

आज एकूण सव्वापाच तास. फोनला हातही लागलेला नाही.

शनिवार, २१ जून

मुदत संपली. फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे केबलने लॅपटॉपवरून फोनमध्ये लिहायच्या अवस्थेत, नेला (आवाज कमी आणि पॉवर एकत्र दाबून), केबल जोडली आणि स्क्रीन काळी होऊन वर कोपऱ्यात बारीक अक्षरं आली: बंद करण्यासाठी कुठलंही बटण दाबा. चार वेळा तेच. केबल बदलली, तेच. लॅपटॉपचे सगळे पोर्ट यूएसबी ३ चे आहेत आणि फोनच्या फास्टबूटचं त्यांच्याशी जमत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून १८० रुपयांचा साधा यूएसबी २ चा हब आणला, मध्ये लावला, पहिल्या फटक्यात ओळख पटली. अनलॉक झालं. फोन पूर्ण पुसला जातो. फोटो मी आधीच काढून घेतले होते.

टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी (सिस्टिमबाहेरून रोम टाकायला आणि बॅकअप घ्यायला लागणारा छोटा प्रोग्राम) टाकली, खुशीत फोन चालू केला, आणि परत गेले तर जुनी कंपनीची रिकव्हरी जागेवर. मूळ सिस्टिम एकदा सुरू झाली की ती आपली रिकव्हरी पुन्हा बसवते. पुन्हा टाकली, आणि या वेळी आवाज वाढवा व पॉवर धरून थेट रिकव्हरीतच शिरले.

इथे सगळ्यात आधी ईएफएस या पार्टिशनचा (साठ्यातला वेगळा कप्पा) बॅकअप घेतला आणि लॅपटॉपवर नेऊन ठेवला. नेटवर्कची ओळख त्यात असते. ती गेली तर फोन नुसता घड्याळ उरतो. आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) ‘लिहून देणारे’ बाजारात भेटतात, त्या वाटेला जाऊ नका, तो आपल्याकडे गुन्हा आहे. मूळ बूट इमेजही (ज्यात कर्नल असतो ती फाइल) काढून ठेवली.

डेटा पार्टिशन एन्क्रिप्टेड असल्याने रिकव्हरीला वाचता येईना. वाइपने भागत नाही, फॉरमॅट डेटा निवडून ‘येस’ टाइप करावं लागतं.

रोम टाकली: एरर ७. लोक सांगतात की झिप उघडून तपासणीची ओळ काढून टाका. काढू नका. माझ्या बाबतीत ती ओळ ट्रस्टझोनची (चिपमधला सुरक्षित भाग) आवृत्ती तपासत होती. आईने कित्येक वर्षं अपडेट घेतले नव्हते (“नंतर” हे बटण तिला पाठ आहे), त्यामुळे फोन एमआययूआय १० च्या जमान्यातल्या फर्मवेअरवर (सिस्टिमच्या खाली चिपचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) होता. रोम बदलली म्हणून मोडेम, ट्रस्टझोन, आरपीएम (वीज सांभाळणारा भाग), सुरुवातीचा बूटलोडर हे बदलत नाहीत. ते वेगळ्या पार्टिशनांत असतात आणि कंपनीच्या फर्मवेअरबरोबर येतात. एमआययूआय ११ मधलं फक्त फर्मवेअर असलेलं झिप आधी टाकलं, मग रोम निमूट गेली.

एक सूचना: हेच काम रेडमी नोट ५ प्रोवर करत असाल तर आधी अँटी-रोलबॅकचा (मागच्या आवृत्तीवर जाऊ न देणारी सोय) आकडा बघा. त्यावर जुनं फर्मवेअर टाकलं तर फोन विटेसारखा पडून राहतो. मिडोला ती भानगड नाही.

रात्री साडेअकराला नवी रोम उठली, भाषा निवडायचा पडदा आला. बोट लावलं. काही नाही. दुसरं बोट, ओलं बोट, पुसलेली काच. टच मेलेला.

रविवार, २२ जून

आजची चूक सगळ्यात महाग.

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी वाटलं, बॅटरी बदलताना टचची पट्टी दुखावली असणार. खात्री करायला मूळ एमआययूआय परत टाकायचं ठरवलं. भाओजींच्या विंडोज लॅपटॉपवर कंपनीचं फ्लॅश टूल घेतलं, फोल्डर दाखवला, बटण दाबलं. नऊ मिनिटांनी फोन उठला आणि टच एकदम उत्तम.

आनंद दोन मिनिटं टिकला. त्या टूलच्या तळाशी तीन-चार पर्याय असतात आणि आपोआप निवडलेला पर्याय ‘सगळं पुसा आणि कुलूप लावा’ हा असतो. मी खाली बघितलंच नाही. बूटलोडर पुन्हा लॉक. खातं पुन्हा जोडावं लागलं आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून: १६८ तास.

नशीब म्हणजे टाकलेली रोम त्याच फोनची, ग्लोबल होती. दुसऱ्या प्रदेशाची असती आणि कुलूप लागलं असतं तर इथेच गाडी अडकली असती. लिनक्स असेल तर हे टूल लागतच नाही. त्या फोल्डरमध्ये शेल स्क्रिप्टा असतात, त्यातली नावात ‘लॉक’ नसलेली चालवायची.

शिवाय मला जे तपासायचं होतं त्याचं उत्तर काल रात्रीच समोर होतं. टीडब्ल्यूआरपीमध्ये मी बोटानेच सगळं करत होते की! त्या रिकव्हरीचा कर्नल वेगळा, रोमचा वेगळा. काच आणि पट्टी ठीक असल्याशिवाय रिकव्हरीत तरी टच कसा चालेल? एका आठवड्याची किंमत मोजून कळलेली गोष्ट.

रविवार, २९ जून

अनलॉक, रिकव्हरी, फॉरमॅट, रोम. या वेळी ४० मिनिटांत, कारण फर्मवेअर आता नवं आहे.

टच अर्थातच मेलेला. ६० रुपयांची ओटीजी केबल आणि लॅपटॉपचा माउस लावला. पडद्यावर बाण आला तेव्हा फार बरं वाटलं. पण पोर्ट एकच. माउस लावला की लॅपटॉपची केबल लागत नाही. मग माउसने वाय-फाय जोडलं, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये नेटवर्कवरून एडीबी (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायची सोय) सुरू केलं आणि लॅपटॉपवरून आत शिरले. हौशी बांधणीत एडीबीला रूट मिळतं, त्यामुळे कर्नलचा लॉग वाचायला वेगळं काही टाकावं लागलं नाही.

लॉगमध्ये टचच्या ड्रायव्हरच्या (टचची चिप चालवणारा कोड) नावाखाली तीच ओळ पुन्हा पुन्हा: स्लेव्ह (म्हणजे ती चिप) उत्तर देत नाही, त्याला वीज मिळते आहे ना ते बघा. ड्रायव्हर ज्या पत्त्यावर हाका मारत होता तिथे कोणी राहतच नव्हतं. बदललेल्या डिस्प्लेवर टचची चिप दुसऱ्याच कंपनीची आहे.

दुरुस्तीवाल्याचं वाक्य आत्ता आठवलं.

सोर्समध्ये शोधलं. त्या दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर फोल्डरमध्ये पडून आहे, डेफकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) बंद केलेला. रोम बांधणाऱ्याच्या फोनवर तो लागत नसेल, त्याने काढून टाकला. चूक त्याची नाही. एक ओळ बदलायची आहे.

शनिवार, ५ जुलै

एक ओळ बदलली. वॉर्निंगला चूक ठरवणाऱ्या स्क्रिप्टने त्या ड्रायव्हरमध्ये न वापरलेलं एक चल पकडलं, ते काढलं. बांधणी झाली.

तयार कर्नल एनीकर्नलच्या साच्यात भरला. हा साचा फोनमधली बूट इमेज उघडून त्यातला फक्त कर्नल बदलतो, रॅमडिस्कला (त्याच इमेजमधल्या सुरुवातीच्या फायली) हात लावत नाही. स्क्रिप्टमध्ये फोनचं नाव बदलायला विसरले, म्हणून पहिल्यांदा ‘हा फोन चालत नाही’ म्हणून परत पाठवलं.

त्यापेक्षा चांगली सवय नंतर लागली. पूर्ण बूट इमेज बनवायची आणि फ्लॅश न करता फास्टबूटमधून नुसती बूट करायची. कर्नल तेवढ्यापुरता मेमरीत जातो. बिघडला तर पॉवर दाबून धरा, जुना कर्नल जागेवरच आहे. आज असे सात प्रयोग केले, फोन एकदाही अडकला नाही.

टच चालला! आणि वाय-फाय गेलं. बटण सरकवलं की पुन्हा मागे येतं.

लॉग बघितला: वाय-फायचा ड्रायव्हर वेगळं मोड्यूल (कर्नलबाहेर ठेवलेला तुकडा) म्हणून रोममध्ये आहे, त्यावरचा आवृत्तीचा शिक्का माझ्या कर्नलशी जुळत नाही. मी सोर्समध्ये बदल केल्यामुळे गिटने (कोडमधले बदल नोंदवणारं हत्यार) आवृत्तीच्या शेवटी आपोआप ‘डर्टी’ जोडलं होतं. घरचं भांडं घासून ठेवलं नाही तर आई जे म्हणते तेच. नाव जुळवून मोड्यूल चढवताही येतं, पण पुढे कॉन्फिग बदलली की आतून काय निसटेल सांगता येत नाही. मी प्रोंटोचा, म्हणजे वाय-फायचा, ड्रायव्हर मोड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधून टाकला. रात्री एक वाजता वाय-फाय परत.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाणा भिजत घातला आणि चार्जिंगच्या कामाला बसले. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं ते काम आज पहिल्यांदा हातात आलं.

चार्जरच्या ड्रायव्हरमध्ये दोन वेगळे दांडे आहेत आणि नावं फसवी आहेत. एक आहे ‘चार्जिंग एनेबल्ड’. तो बंद केला की यूएसबीकडून येणारी वीजच तोडली जाते आणि फोन बॅटरीवर चालतो. दुसरा ‘बॅटरी चार्जिंग एनेबल्ड’. तो बंद केला की फक्त बॅटरीत भरणं थांबतं, फोन चार्जरच्या विजेवरच चालत राहतो. कायम फळीवर बसणाऱ्या फोनला दुसरा हवा. मी नाव लहान म्हणून पहिला घेतला.

बदल साधा लिहिला: टक्केवारी ६० किंवा जास्त असेल तर थांब, नाहीतर चालू कर. चाचणी पंधरा मिनिटं केली, चाललं. फोन फ्लॅश केला, आईकडे पाठवायला बॅगेत टाकला. भाओजी सोमवारी साताऱ्याला जाणार होते.

बुधवार, ९ जुलै

आईचा फोन, रात्री पावणेअकरा. “अगं, तो तुझा फोन डोळे मिचकावतोय. आणि मधूनच टुणकन वाजतो. कोणाचा मेसेज आलाय का बघ.”

मेसेज नव्हता. ६० ला चार्जिंग बंद, फोन बॅटरीवर, थोड्या वेळात ५९, चार्जिंग चालू, पुन्हा ६०. रात्रभर हाच खेळ, दर वेळी दिवा आणि आवाज. फुगलेल्या बॅटरीच्या जागी नवी आणून तिलाच दिवसाला शेकडो हेलपाटे घालायला लावले होते मी. आईला फोन बंद करून ठेवायला सांगितलं. रेडिओ नाही, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार दोघींमध्ये थोडा तणाव.

शनिवार, १२ जुलै, सातारा

लॅपटॉप घेऊन इथेच आले. ड्रायव्हरमध्ये आता दुसरा दांडा वापरला, आणि एकाऐवजी दोन आकडे ठेवले: ६० ला थांब, ४५ च्या खाली गेल्याशिवाय पुन्हा सुरू करू नकोस. मधल्या पट्ट्यात जे चालू असेल ते चालू राहू दे. ही मधली ओळ लिहायला विसरले तर पुन्हा तोच खेळ होतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात तसंच झालं.

दुपारी दीडला फोन ६० टक्क्यांवर पोहोचला. रात्री साडेनऊपर्यंत रेडिओ सतत चालू, आकडा ६० वरच. फोन गार. संध्याकाळी पाऊण तास वीज गेली तेव्हा ५६ पर्यंत उतरला, वीज आल्यावर पुन्हा भरायला लागला नाही. बरोबर आहे, ४५ च्या खाली गेलाच नव्हता. आईला हे पटवायला वेळ लागला. तिच्या मते चार्जरला लावलेला फोन भरत नसेल तर चार्जर बिघडलेला असतो.

रविवार, १३ जुलै, सातारा

तिन्ही केंद्रं लागतात. ज्या प्रमाणपत्रापायी हे सुरू झालं ते अँड्रॉइड ११ मध्ये आहेच, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

खर्च: बॅटरी ७५०, हब १८०, ओटीजी केबल ६०. एकूण ९९० रुपये. वेळ: प्रत्यक्ष हाताचे साधारण ३२ तास आणि अनलॉकच्या वाटेतले दोन आठवडे, त्यातला एक निव्वळ माझ्या डोळेझाकीचा.

न चाललेलं: बोटाचा ठसा. मिडोमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर आले होते, माझा कुठला हे बघायला पुन्हा लॉगमध्ये शिरावं लागेल. आईला तो लागत नाही, म्हणून सोडून दिलं. यूपीआयची अॅप टाकून बघितलीच नाहीत. अनलॉक केलेल्या फोनवर ती बहुधा कुरकुरतात, आणि पैशाचा व्यवहार असल्या फोनवर असूही नये असं माझं मत. ज्यांचा एकमेव फोन हाच आहे त्यांनी या भानगडीत पडण्याआधी विचार करावा.

बदललेली डेफकॉन्फिग आणि चार्जरचा पॅच रोम बांधणाऱ्याला पाठवले. टचची ओळ त्याने लगेच घेतली. चार्जिंगचा बदल सगळ्यांना नको असेल म्हणाला, आणि ते खरं आहे. ६० टक्क्यांवर अडलेला फोन खिशात घेऊन कोण फिरेल?

निघताना आई म्हणाली, “ते घड्याळ आधी मोठ्या अक्षरात होतं, ते कुठे गेलं?” लाँचर बदलून द्यायचं राहिलंय.